भूगोलात बी.ए. करून डोंगरी पर्यावरणाचा संशोधक होता येईल का? (शहादा)

हो, नक्की होता येईल, आणि त्यासाठी हिमालयाची वाट बघू नका, सातपुडा तुमच्या दारात आहे. रस्ता ठरलेला आहे: भूगोलात एम.ए. किंवा एम.एस्सी., नेट (प्राध्यापकी आणि संशोधनवृत्तीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा), मग पीएच.डी. पुढे अल्मोड्याजवळची गोविंद बल्लभ पंत हिमालय पर्यावरण संस्था किंवा काठमांडूचं इसिमोड (हिंदुकुश-हिमालयातल्या डोंगराळ भागावर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) यांच्या जागांवर लक्ष ठेवा. पण पदवीइतकंच स्वतः केलेलं काम दाखवता आलं पाहिजे. सातपुड्यातल्या तोरणमाळपासून सुरू करा. एसआरटीएमचा, म्हणजे अंतराळयानातून रडारने मोजलेला, ३० मीटरच्या चौकोनांत विभागलेला जमिनीच्या उंचीचा डेटा फुकट मिळतो, नकाशे करायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअरही फुकट. इथे हमखास चूक होते: या डेटात आडवं अंतर अक्षांश-रेखांशाच्या अंशांत आणि उंची मीटरमध्ये असते, म्हणून थेट उतार काढला की डोंगरभर जवळपास ९० अंश दिसतो. आधी डेटा यूटीएम ४३ उत्तर झोनमध्ये (अंतरं मीटरमध्ये देणाऱ्या नकाशा-पद्धतीतला आपल्या भागाचा पट्टा) बदला, मग उतार काढा. शिवाय ३० मीटरच्या चौकोनात अरुंद घळी पुसल्या जातात. त्या पायी जाऊन, टेप आणि क्लिनोमीटर (उताराचा कोन मोजायचं साधन) घेऊन मोजाव्या लागतात, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा.

एक मात्र आहे, नुसते नकाशे पुरत नाहीत. अक्राणी तालुक्यातल्या उतारांवर कोण काय पेरतो, दगडी बांध कुठे घालतो, हे नोंदवायचं तर तिथल्या पावरा आदिवासींची पावरी बोली समजायला हवी.