‘हिरो’ला मराठीत काय म्हणावं?

हर्णैहून एका वाचकाने विचारलं आहे: ‘विसर्जनाच्या दिवशी ओढीत सापडलेल्या दोन मुलांना आमच्या एका तरुण खलाशाने बाहेर काढलं. सत्काराच्या फलकावर “हर्णैचा हिरो” असं लिहायचं ठरतंय. मला मराठी शब्द हवा आहे. वीर म्हणू की नायक?’

‘नायक’ इथे बसत नाही. ‘नी’ म्हणजे नेणे. नायक म्हणजे चार माणसांना पुढे नेणारा. आपला ‘नाईक’ त्यातूनच आला. बोटीवर ते काम तांडेलाचं. तुमचा खलाशी तर एकटाच पाण्यात शिरला.

‘वीर’ शब्दाचं मला फार प्रेम आहे, म्हणूनच तो इथे वापरू नये असं वाटतं. वीरगती, वीरमरण, वीरपत्नी... या शब्दाच्या आसपास रण असतं आणि बहुतेकदा मरणही. वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. त्यातला ‘गळ’ म्हणजे कन्नडमधला ‘कल्लु’, दगड. बोरिवलीच्या एकसर गावात असे वीरगळ आहेत. ते खालून वर वाचायचे. खाली वल्ह्यांच्या रांगा लावलेल्या नौका, त्यावर झुंज, आणि वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर, म्हणजे कैलासाला पोचलेला. दगडावर कोरलं जाण्याआधी तो लढता लढता पडलेला असतो. वीरचक्र जिवंतपणीही मिळतं हे खरं, पण ते शत्रूसमोरच्या पराक्रमासाठी. बुडणाऱ्याला वाचवणाऱ्यासाठी सरकारचं वेगळं पदक आहे आणि त्याचं नाव आहे ‘जीवन रक्षा पदक’. तिथेही ‘वीर’ आलेला नाही, काम तेवढं आलं आहे.

‘हिरो’ आता मराठीच झाला आहे, पण बोलण्यात त्याला एक टोचणी असते. ‘जास्त हिरोगिरी करू नकोस’ हे आपण पोरांना रोज ऐकवतो. ज्याने खरंच जीव धोक्यात घातला त्याच्या नावापुढे तो शब्द मला नको वाटतो. ‘धाडसी’ चालेल, पण तो स्वभाव झाला. त्या दिवशी काय घडलं ते त्यातून कळत नाही.

मग अशा वेळी आपण म्हणतो काय? माझ्या लहानपणी आमच्या बंदरावर एका बाईचा मुलगा असाच पाण्यातून काढला होता. ती ओल्या पोराला पदराने पुसत होती आणि काढणाऱ्याला एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, ‘देवासारखा धावलास रे बाबा.’ मराठीत या प्रसंगाला नाम नाही, क्रियापद आहे. आणि काय क्रियापद आहे! संकटात आपण देवाचा ‘धावा’ करतो, आणि जो येतो तो ‘धावून’ येतो. हाक आणि तिला दिलेली ओ, दोन्ही एकाच शब्दात.

तेव्हा फलकावर आधी त्याचं नाव मोठ्या अक्षरात घाला आणि खाली लिहा: ‘विसर्जनाच्या दिवशी दोन मुलांच्या हाकेला देवासारखे धावून गेले.’ तो वयाने लहान असेल, गावात सगळे त्याला अरे-तुरे करत असतील, तरी फलकावर ‘गेला’ नको, ‘गेले’च लिहा.