आजीच्या पेटीत चांदीचे राणीछाप रुपये सापडलेत. साफ करून संग्रह सुरू करावा म्हणतो. सुरुवात कशी करू?

आधी हात जोडून सांगतो, त्यांना चिंच लावू नका. तुम्ही लिहिलंय की गुहागरच्या घरात सतरा रुपये मिळाले, सगळे काळे पडलेत आणि लक्ष्मीपूजनाच्या आत लख्ख करायचेत. मी वेंगुर्ल्याचा. आमच्याकडेही दरवर्षी पूजेचे रुपये चिंच आणि रांगोळीने घासले जायचे. त्यातल्या १८४० च्या रुपयावर आता राणीचा चेहरा म्हणजे नुसता गुळगुळीत उंचवटा आहे. केस नाहीत, कान नाही. ते पाहून आजही जीव हळहळतो.

तो काळेपणा म्हणजे मळ नव्हे. हवेतल्या गंधकाने चांदीवर थर धरतो आणि आपल्या दमट हवेत तो लवकर धरतो. जाणकार संग्राहकाला तोच हवा असतो, घासलेल्या नाण्याचा भाव उतरतो. माती असेल तर साध्या पाण्यात बुडवा आणि सुती कापडावर टिपून घ्या. रबर बँडमध्ये गंधक असतं, म्हणून तो लावू नका. नाणी ठेवायला मऊ पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटंही नकोत.

मग भिंग घेऊन वर्षं वाचायला बसा, खरी मजा तिथे आहे. १८७६ पर्यंत व्हिक्टोरियाच्या नावापुढे ‘क्वीन’ आहे, १८७७ पासून ‘एम्प्रेस’. १८६२ लिहिलेला रुपया त्याच वर्षीचा असेल असं नाही, कारण तेच साल घालून १८७४ पर्यंत रुपये पाडले गेले. १९११ चा पंचम जॉर्ज मिळाला तर जपा. त्याच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, गहजब झाला आणि १९१२ मध्ये चित्र सुधारावं लागलं.

वजन सोनाराच्या काट्यावर करून घ्या, ११.६६ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. १८३५ ते १९३९ च्या रुपयांत ९१.७ टक्के चांदी आहे, १९४० ते १९४५ च्या रुपयांत निम्मीच. सोनार सगळे एकाच भावाने मागत असेल तर देऊ नका. १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा, तो चुंबकाला चिकटतो. १९३९ चा रुपया दुर्मीळ आणि म्हणूनच नकली फार, तो जाणकाराला दाखवल्याशिवाय विकत घेऊ नका.

‘जुनं नाणं द्या, लाखो मिळवा’ म्हणणाऱ्यांना आगाऊ शुल्क भरू नका. रिझर्व्ह बँकेच्या नावाने अशी फसवणूक होते, बँकेनेच २०२१ मध्ये तसं बजावलंय.

तुमच्या फोटोत एका रुपयाला वर कडी जोडलेली दिसते. ती काढू नका. बाजारात त्याला फार तर चांदीचा भाव येईल, पण तो कुणाच्या तरी गळ्यात होता. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला आजच विचारा, कुणाच्या ते.