जर्मन पदार्थ कमी तेलात घरी कसे करता येतील?

मिस्टरांचं कोलेस्टेरॉल वाढलंय, पण दोघांनाही जर्मन जेवण सोडवत नाही, असं तुम्ही लिहिलंय. सोडू नकाच. तळलेलं श्नित्झेल (ब्रेडचा चुरा लावलेला मांसाचा पातळ काप) आणि सॉसात बुडालेलं मांस हे हॉटेलातलं आणि रविवारचं खाणं झालं. एरवी घरोघरी शिजतं ते बरंच साधं असतं. मी दक्षिण जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहते, त्यामुळे इकडचंच आधी सांगते.

कार्टोफेलसालाटपासून, म्हणजे बटाट्याच्या सॅलडपासून सुरुवात करा. उत्तरेकडे त्यात मेयोनीज घालतात, म्हणजे बहुतेक तेलच. आमच्या श्वाबेन भागात, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपास, ते मुळातच नसतं. पाकिटावर 'फेस्टकोखेंड' लिहिलेले, न फुटणारे १ किलो बटाटे सालासकट उकडा. हाताला चटके बसत असतानाच सोला आणि पातळ चकत्या करा. भाज्यांचं पाव लिटर कढत ब्र्युए (म्हणजे स्टॉक; तयार पूड गरम पाण्यात घालूनही होतं), ३ चमचे व्हिनेगर, चमचाभर मोहरीची पेस्ट, बारीक चिरलेला कांदा आणि मिरपूड एकत्र करून त्यावर ओता. अर्धा तास हात लावू नका. गरम बटाटा रस पितो आणि त्याच्या पिठानेच रस दाटतो. तेल अगदी शेवटी, २ मोठे चमचे पुरे. आधी घातलं तर चकत्यांवर थर बसतो आणि रस आत मुरत नाही. ढवळताना चपचप आवाज आला की जमलं. आवाज नाही आला तर अजून थोडं गरम ब्र्युए घाला.

मसूर आणि श्पेट्झले (अंडं घातलेल्या पिठाच्या जाड शेवया) करत असाल तर श्पेक (डुकराचं चरबीदार खारवलेलं मांस) आणि लोण्यात परतलेलं पीठ, दोन्ही वगळा. शिजलेल्या मसुरातले दोन डाव घोटून परत घातले की दाटपणा येतो. गाजर, सेलेरीचा कंद आणि लीक (जाड कांद्याच्या पातीसारखी भाजी) भरपूर घाला. व्हिनेगर मात्र मसूर शिजल्यावरच, नाहीतर दाणे कडक राहतात.

ओव्हनमधलं श्नित्झेल मला पटत नाही. त्यापेक्षा महिन्यातून एकदा नीट तळलेलं खावं.

रात्रीच्या जेवणाला पूर्व जर्मनीतल्या लाउझित्स भागातला बेत फार सोयीचा आहे: उकडलेले बटाटे, क्वार्क आणि वरून चमचाभर जवसाचं तेल. क्वार्क आपल्या चक्क्यासारखाच, पण 'मागरक्वार्क', म्हणजे बिनसायीचा, घ्या. त्यात १०० ग्रॅमला प्रथिनं सुमारे १२ ग्रॅम आणि चरबी अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. दुधाच्या एका घोटाने सैल करून त्यात कांदा आणि चाइव्ह्ज (बारीक कांद्याच्या पातीसारखी पानं) कालवा.

डॉक्टरांनी मीठही कमी करायला सांगितलं असेल, तर ब्र्युएची पूड अर्धीच घाला. डब्यातलं साउअरक्राउट (मिठात आंबवलेला कोबी) एकदा पाण्यातून काढून, पिळून मगच शिजवा. त्यात चरबीऐवजी किसलेलं सफरचंद आणि तमालपत्र घातलं तरी छान लागतं.