सांगली-मिरजेला मेट्रो हवी, की बसच पुरे?

बसच पुरे, फक्त ती वाट पाहायला न लावता दर पाच मिनिटांनी यायला हवी. केंद्राच्या २०१७ च्या धोरणात मेट्रोचा विचार २० लाख आणि त्याहून जास्त वस्तीच्या शहरांसाठी आहे. सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ५ लाखांच्या आसपास होती. हिशोबही साधा आहे: पाच मिनिटांना एक म्हणजे तासाला १२ गाड्या, गाडीत ६० माणसं धरली तर एका दिशेला ७२० प्रवासी. मेट्रो तासाला हजारोंनी माणसं नेण्यासाठी असते, तेवढी इथं आणायची कुठून? शिवाय सांगली, विश्रामबाग, मिरज ही वस्ती जवळपास एकाच सरळ रस्त्यावर आहे. बससाठी याहून सोयीचं काय असणार! लोक वडापला (खासगी शेअर जीप-रिक्षाला) हात करतात ते हौसेनं नव्हे, तर ते लगेच मिळतं म्हणून. मात्र कुपवाड एमआयडीसीला हे गणित जसंच्या तसं लावू नका. तिथं दिवसभर रिकाम्या गाड्या फिरवण्यापेक्षा पाळी सुटायच्या वेळेला जादा बस लावा.