आयसीयूमध्ये पेशंटचे हात खाटेला का बांधतात? नातेवाइकांना न विचारता बांधता येतात का?

श्वासाची नळी ओढून काढू नये म्हणून बांधतात. एवढंच हवं असेल तर पुढचं वाचू नका.

मी अठरा वर्षं आयसीयूत सिस्टर होते. किती मनगटं बांधली त्याचा हिशेब नाही. त्यामुळे ‘जनावरासारखं बांधतात’ असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं, आणि हे वाक्य मी पहिल्यांदा माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून ऐकलंय.

२०१७ च्या पावसाळ्यात अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, न्यूमोनिया झाला. शुगर होतीच. तालुक्याच्या दवाखान्यातून शहरात हलवेपर्यंत बीपी पडलं होतं. बीपी वाढवणाऱ्या नॉरअॅड्रिनॅलिनचा पंप लागला आणि दुसऱ्या रात्री नळी टाकून व्हेंटिलेटर. चौथ्या दिवशी ताप उतरला, तसं डॉक्टरांनी झोपेचं औषध कमी केलं. लोकांना इथेच शंका येते की शुद्धीवर आणून छळता कशाला? पूर्वी गाढ झोपवूनच ठेवायचे. पण २००० साली शिकागोच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की रोज औषध थांबवून पेशंटला जागं केलं तर व्हेंटिलेटर लवकर सुटतो. नळी जितके दिवस आत तितका नव्या जंतूंचा धोका, म्हणून लवकर सुटणं फार मोलाचं.

जागा झालेला माणूस पहिला हात नेतो तोंडाकडे. करंगळीएवढी जाड नळी ओठांपासून बावीस-तेवीस सेंटिमीटर आत गेलेली असते. ती स्वरतंतूंच्या मधून जाते म्हणून आवाज फुटत नाही, आणि खालच्या टोकाला हवा भरलेला फुगा असतो. फुग्यासकट ओढली तर घशाचं काय होत असेल याचा विचार करा.

संध्याकाळी पाचच्या भेटीला भाऊ आत गेला, अण्णांची मनगटं बँडेजने बांधलेली बघितली आणि वॉर्ड डोक्यावर घेतला. ड्युटीवरचा डॉक्टर नवखा, पोरगेलासा. त्याने घाबरून सोडायला सांगितलं. पहाटे अडीचला अण्णांनी नळी ओढली, फुग्यासकट. रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन सत्तरच्या घरात. परत नळी टाकावी लागली. घरी आल्यावर तीन महिने आवाज घोगरा होता.

तेव्हापासून भाऊ म्हणतो, ‘बांधलं म्हणून बिथरले.’ मी म्हणते, ‘सोडलं म्हणून ओढली.’ अण्णा २०२१ मध्ये दुसऱ्याच आजारात गेले, तरी वर्षश्राद्धाच्या पंगतीतसुद्धा आमचं हेच.

आता जे त्याला आजवर सांगितलं नाही ते. हात बांधायचे का, हे त्या सिस्टरने मला फोनवर विचारलं होतं. मी माझ्या ड्युटीवर होते. म्हटलं, ‘बांधा हो, मी सांगते.’ घरी आल्यावर अण्णा एकदा शेंगा फोडत बसले होते, आणि मान वर न करता म्हणाले, ‘तू म्हणालीस ना बांधा म्हणून, ऐकू आलं मला.’ त्यांना वाटत होतं, आपल्याला कारखान्याच्या वजनकाट्यावर डांबून ठेवलंय आणि जमिनीच्या कागदावर अंगठा दिल्याशिवाय सोडणार नाहीत. पंपाची पीं-पीं म्हणजे काट्याची घंटा. याला डिलिरियम म्हणतात. आयसीयूत, त्यातून म्हाताऱ्या माणसांना, सर्रास होतो. मिडॅझोलमसारख्या झोपेच्या औषधाने वाढतो, झोपमोडीने वाढतो, आणि हो, बांधल्यानेही वाढतो.

म्हणजे भाऊ निम्मा बरोबर होता. हात बांधलेले असतानाही नळी ओढणारे पेशंट मी बघितलेत. बांधल्याने ते हमखास टळतं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. ब्रिटनमध्ये क्वचितच बांधतात. पण तिथे व्हेंटिलेटरच्या एका पेशंटमागे एक सिस्टर असते. कागदावर आपल्याकडेही तसंच आहे. मी नाइटला तीन-तीन सांभाळलेत. एकाचं सक्शन करताना, म्हणजे नळीतला कफ ओढून काढताना, दुसऱ्याचा हात कोण धरणार? भावाने त्या दिवशी ‘सिस्टर कमी का?’ म्हणून भांडण केलं असतं तर मी ड्युटी सोडून त्याच्या बाजूने उभी राहिले असते.

तुमचा परवानगीचा प्रश्न राहिला. भरती करताना ज्या कागदांवर तुम्ही न वाचता सह्या करता, त्यात बऱ्याच ठिकाणी हेही असतं. तातडीच्या वेळी आधी बांधतात, मग सांगतात, आणि ते मला चूक वाटत नाही. पण डॉक्टरची लेखी ऑर्डर हवी, किती वेळासाठी तेही त्यात हवं, आणि दर दोन तासांनी सोडून कातडी बघायला हवी. ते मागा, आवाज न चढवता. पट्टी आणि मनगट यांत दोन बोटं जायला हवीत. गाठ खाटेच्या सांगाड्याला हवी, रेलिंगला नाही, कारण रेलिंग खाली केलं की हाताला हिसका बसतो. बोटं निळी किंवा गार दिसली तर त्याच क्षणी सिस्टरला हाक मारा.

आणि विचारा की मी शेजारी बसतो, तेवढा वेळ सोडाल का? पुष्कळ ठिकाणी सोडतात. दुसऱ्यांदा नळी टाकल्यावर भावाने हेच केलं. दुपारचे दोन तास अण्णांचा हात धरून बसायचा, आज वार कुठला, पाऊस किती झाला ते सांगायचा. चष्मा घातला, कानाचं यंत्र लावलं, आणि अण्णा गप पडून राहिले. तेवढ्या वेळात एकदाही बांधावं लागलं नाही. हे श्रेय त्याचंच.

फक्त पहिले चारही दिवस तो चष्मा आणि ते यंत्र त्याच्याच गाडीच्या डिकीत पडून होतं.