यादीत समुद्र कुठे आहे?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझी यादी वाचली. साप, विंचू, मलेरिया, विहिरीचं पाणी, मासळी बाधली तर, रात्री ताप चढला तर. मे महिन्यात दोन पोरींना घेऊन दापोलीला निघालेल्या बापाला धाकधूक वाटणारच, त्यात धाकटी जेमतेम सव्वा वर्षाची. पण अख्ख्या यादीत समुद्र नाही. तो तू मजेच्या खात्यात टाकलास. कोकणातल्या दवाखान्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला विचारलंस म्हणून सांगतो, यादी उलटी कर. विंचवावर औषध आहे, तापाला वेळ असतो. पाणी वेळ देत नाही.

लहान मूल बुडताना ओरडत नाही. तोंडच पाण्याखाली गेलं तर आवाज कुठून निघणार? धाकटीला वीतभर पाणीही पुरेल, आणि दोन-चार मिनिटांत खेळ आटोपतो. म्हणून पोरी पाण्याजवळ असताना एकाच मोठ्या माणसाकडे पहारा द्यायचा, हात लांबवला की पोर हाती लागेल एवढ्या अंतरावर, आणि त्याचा मोबाइल खोलीत. ‘सगळे आहेत ना तिथे’ असं जिथे म्हणतात, तिथे कुणीच बघत नसतं. तुमच्या घरातली गर्दी मला माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहितोय.

उतरलात की घरमालकाला पहिला प्रश्न विचार, आज भरती किती वाजता? तो घड्याळ न बघता सांगेल. वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, तेव्हा उद्या पुन्हा विचार. ओहोटीला पाणी आत ओढतं, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ आणखी वाढते. आंजर्ल्याला खाडी समुद्राला मिळते त्या बाजूला तर पाण्यात पाऊलही नको. 2016च्या फेब्रुवारीत पुण्याहून सहलीला आलेली कॉलेजची चौदा मुलं मुरुडच्या समुद्रात बुडाली (तुमचं दापोलीचं मुरुड नव्हे, रायगडातलं जंजिऱ्याजवळचं). चांगली वाढलेली, धडधाकट पोरं होती ती. पोरींसाठी घेतलेली हवेची रबरी चाकं घरीच ठेव. सकाळचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि चाकाला पोरीसकट आत नेतो. डॉल्फिन बघायला होडीत बसणार असाल तर आधी लहान मापाचं, पायांमधून पट्टा येणारं लाइफ जॅकेट माग. नसेल तर फेरी रद्द. मोठ्यांचं जॅकेट पोरीला घातलं तर ती खालून निसटते. होडीवाला हसेल, हसू दे.

दुसरा नंबर उन्हाचा. दापोलीत पारा विदर्भासारखा चढत नाही, पण हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही आणि अंगातली उष्णता आतच राहते. अकरा ते चार किनारा नको. थोरलीची लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय, एवढी खूण पुरे. बंद गाडीत पोरींना ‘दोनच मिनिटं’ म्हणूनसुद्धा सोडायचं नाही.

जुलाब लागले तर ओआरएसची पुडी, एक लिटरची असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धी पुडी अंदाजाने ग्लासात, हे आजीचं गणित चालणार नाही. धाकटीला दर जुलाबामागे 50 ते 100 मिलिलिटर, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. पुडी मिळालीच नाही तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. खोक्यातली गोड फळपेयं ओआरएस म्हणून घेऊ नकोस. त्यांत साखर जास्त आणि क्षार कमी, जुलाब वाढतात. 2025च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांवर ‘ओआरएस’ लिहायला बंदी घातली ती उगाच नाही.

आता तुझा विंचू. कोकणातला लाल विंचू लहान मुलांना खरोखर घातक. पूर्वी हृदयावर ताण येऊन, फुप्फुसात पाणी भरून मुलं जायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध वापरून ते चित्र पालटलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे उपाय आपल्याच मुलखात सापडलेला आहे, फक्त वेळेवर पोचायला हवं. दंश झाल्यावर पोर घामाघूम झालं, हातपाय गार पडले, उलट्या सुरू झाल्या तर मांत्रिक नाही, चुना नाही, थेट दापोलीचं उपजिल्हा रुग्णालय, किंवा 108ची रुग्णवाहिका. चिऱ्यांच्या आणि सरपणाच्या ढिगात पोरींना हात घालू देऊ नका, चपला झटकून घाला. सापाचं म्हणशील तर रात्री मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली की डासांबरोबर मण्यारही बाहेर राहते.

दोन गोष्टी तुझ्या डोक्यातही नसतील. पहिली, ओला काजू. बोंडाला लटकलेली बी पोरं गंमत म्हणून चावतात आणि टरफलातल्या चिकाने ओठ-जीभ भाजून फोड येतात. दुसरी, किनाऱ्यावरची कुत्री. चावा राहू दे, नुसता ओरखडा असला तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस. चार वर्षांची पोर ओरडा बसेल म्हणून सांगत नाही, तेव्हा अंघोळ घालताना हातपाय बघत जा.

तापाचं औषध घरूनच ने आणि बाटलीवरचा आकडा वाच. पॅरासिटामॉलचं सिरप 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅमचं मिळतं आणि 250चंही. धाकटी दहा किलोची असेल तर एका वेळी 150 मिलिग्रॅम, म्हणजे पहिल्याचं सव्वासहा मिलिलिटर आणि दुसऱ्याचं फक्त तीन. बाटली बदलली आणि माप तेच राहिलं की दुप्पट डोस पोटात. दोन डोसांत सहा तास जाऊ देत. आयब्युप्रोफेन देऊ नकोस, ताप डेंगीचा असला तर ते रक्तस्राव वाढवू शकतं. आणि डेंगीचा डास दिवसा चावतो, तेव्हा दुपारी झोपतानाही मच्छरदाणी.

परत आल्यावर पुढच्या दोन आठवड्यांत कुणालाही ताप आला तर तुमच्या गावच्या डॉक्टरांना आपणहून सांग की कोकणात जाऊन आलोय. ते विचारतीलच असं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी दोघींची वजनं करून मला कळव. डोस लिहून पाठवतो, तो कागद औषधाच्या पिशवीतच ठेव.

तुझा,
डॉक्टरकाका