पडदे लावून टाक

‘काकू, आम्ही मार्चमध्ये मस्कतला आलो. हा सकाळी साडेसहाला निघतो तो संध्याकाळी सहाला उगवतो. मी ठाण्यात नोकरी करत होते. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आहे, त्यामुळे काम नाही. मुलगी केजीत जाते. मे महिन्यापासून बाहेर पाऊल टाकता येत नाही, दिवसभर एसी आणि चार भिंती. कंत्राट तीन वर्षांचं आहे म्हणून घरात काही वाढवलं नाही, परत जाताना ओझं नको. बेडरूमच्या खिडकीला अजून वर्तमानपत्रंच चिकटवली आहेत. दिवस जाता जात नाही. मन कशात लावू? आणि एक बारीकसं: इथे नॉनस्टिकवर भाकरी धड होत नाही. दिवाळीत आई येणार आहे, तिला लोखंडी तवा आणायला सांगू का, की कशाला उगाच?’
– अल खुवैरची एक

वयानं माझ्या मुलीएवढी दिसतेस, म्हणून अगं-तुगं करते.

तुझं पत्र वाचताना मी त्या वर्तमानपत्रांशी थांबले. कारण आमच्या घरात वर्तमानपत्रं नव्हती, खोकी होती. आम्ही 1998 मध्ये आलो ते दोन वर्षांसाठी. टीव्हीचं खोकं, मिक्सरचं खोकं, आतल्या थर्माकोलसकट सगळं जपलेलं. जाताना पॅकिंगला लागेल ना! लग्नात आलेला डिनर सेट तर उघडलाच नव्हता. तळमजल्याच्या घरात मागच्या खोलीत हा ढीग नऊ वर्षं उभा होता. जून 2007 मध्ये गोनू वादळ आलं, आम्ही राहायचो त्या कुर्मच्या सखल भागात पाणी भरलं, आणि आमच्या खोक्यांचा लगदा झाला. टीव्ही आम्ही माळ्यावर चढवून वाचवला होता. डिनर सेटही धुऊन निघाला असता म्हणा, पण तो खोक्यासकट आडवा झाला आणि सहा बशा तेवढ्या उरल्या. त्या रात्री पहिल्यांदा आम्ही त्या बशांत जेवलो. खिचडी होती.

आखातात सहसा नागरिकत्व मिळत नाही, हे येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. अमेरिकेत गेलेला माणूस निदान घर घेतो, अंगणात झाड लावतो. इथे विसावं वर्ष लागलेला माणूससुद्धा ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत भाड्याच्या घरात खिळा ठोकत नाही. मला वाटतं, तुझा दिवस जात नाही याचं निम्मं कारण उन्हाळा आहे आणि निम्मं ही खिडकी. जिथे आपण उतरलोच नाही, तिथला दिवस कसा जाणार? तेव्हा पहिलं काम, येत्या शुक्रवारी पडदे. नवऱ्याला घेऊन रुवीला जा, कापड निवड, तिथेच शिवून मिळतात. तीन वर्षांनी टाकून द्यावे लागले तर टाकून दे.

आता तू हिशेब करशील, मला माहीत आहे. इतके रियाल म्हणजे गुणिले दोनशे आणि वर. पहिलं वर्ष सगळेच गुणतात. मी तर दुकानात कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन गुणायची आणि ठेवून द्यायची. यावर मला लागू पडलेला उपाय सांगते. पहिल्या तारखेला गावी पाठवायचे आणि बाजूला टाकायचे ते पैसे आधी काढून टाका, आणि उरलेल्या रियालांना महिनाभर रुपयात बघायचं नाही. एका रियालाचे हजार बैसा, बस. तसा हा बैसाही काही परका नाही, तो आपला पैसाच आहे. 1970 पर्यंत या देशात रुपया चालायचा. 1959 पासून तर आपली रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळा रुपया छापत होती. मत्राच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, म्हातारा दुकानदार तुझ्याशी अस्खलित हिंदीत घासाघीस करतो, त्यामागे एवढा जुना शेजार आहे. त्याला बिचकू नकोस. भाव करायचाच असतो.

उन्हाळ्याचं म्हणशील तर तू आलीस मार्चमध्ये, म्हणजे मस्कतचं वाईट अंग आधी दिसलं. खरं मस्कत नोव्हेंबरात सुरू होतं आणि मार्चपर्यंत असतं. तोवर घरातलं हवामान सांभाळायचं. गिझर बंद केलास का? नसशील तर आजच कर. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की थंडच्या नळाला हात लावता येत नाही, आणि बंद गिझरमधलं पाणी मात्र घरातल्या गारव्यात निवलेलं असतं. म्हणजे उन्हाळाभर गरम नळातून गार आणि गार नळातून गरम. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा हे समजावता समजावता आमचा घसा कोरडा पडला. असल्या गमती आईला फोनवर सांग. तिच्याकडे आठ वाजलेले असतात तेव्हा तुझ्याकडे साडेसहा. तो दीड तास मोठा सोयीचा आहे, तिचा नाश्ता आणि तुझा पहिला चहा एकत्र होऊ शकतो.

बाहेर पडायचं तर सूर्य बुडाल्यावर. कुर्मच्या किनाऱ्यावर रात्री आठलाही घाम येतो, पण येऊ दे. तिथे चटया टाकून बसलेली ओमानी कुटुंबं बघशील, थर्मासमधून काहवा, म्हणजे अरबी कॉफी, ओतत असतात. मुलीला त्यांच्या मुलांत सोड, भाषा नंतर येते. परत येताना एखाद्या टपरीसमोर गाडी उभी करायची, पोरगा येऊन विचारतो, त्याला करक, म्हणजे कडक दुधाचा चहा, सांगायचा आणि चिप्स घातलेला पराठा. ओमानचे लाल पाकिटातले चिप्स चुरून, चीज आणि तिखट सॉस लावून पराठ्यात गुंडाळतात. ऐकायला वेडगळ वाटतं. माझा मुलगा बारावीनंतर पुण्याला शिकायला गेला तेव्हा त्याला घरच्या पुरणपोळीपेक्षा याची आठवण जास्त यायची, हे मी मोठ्या मनानं लिहिते आहे.

कुणी ओमानी शेजारीण घरी बोलावेल तेव्हा जाच. माझी पहिली वेळ आठवते. कप लहान, बिनकानाचा, त्यात वेलदोड्याचा कडू काहवा. मी संपवला की त्या बाई पुन्हा ओतायच्या. नको म्हणणं बरं दिसत नाही म्हणून मी सात की आठ कप प्यायले, छातीत धडधडायला लागलं. शेवटी त्यांच्या मुलीला दया आली, तिनं खूण दाखवली: पुरे झालं की रिकामा कप हातात जरासा हलवायचा, मग ओतत नाहीत. उजव्या हातानं घे आणि खजूर आधी खा. बरोबर हलवा येईल, तो तुपाचा, केशराचा, गुलाबपाण्याचा, चिकट गोड पदार्थ. आमच्या मालवणच्या सासूबाईंना यांनी फोनवर सांगितलं होतं, ‘निझवाहून हलवा आणलाय.’ त्यांनी विचारलं, ‘मोठा गावलो? तळतलास की सार?’

तू घरकोंबडी होण्यामागचं खरं कारण मात्र गाडी असावं. नवरा येईस्तोवर सगळं अडलेलं. त्यासाठी आताच लायसन्सच्या मागे लाग. भारतातलं लायसन्स असलं तरी परीक्षा चुकत असेल असं धरू नकोस. गिअरची गाडी घेतलीस तर ड्रम आणि स्लोप, ही नावं ऐकून इथली भलीभली माणसं पाणी मागतात. पिंपांच्या मधून गाडी उलटी घ्यायची आणि चढावर मागे न घसरता उचलायची. मी ड्रमला तीनदा नापास झाले. चौथ्यांदा पास झाले त्या दिवशी एकटी गाडी घेऊन मत्राच्या कॉर्निशला, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्याला, गेले आणि काहीही न करता तासभर बंदरातली जहाजं बघत बसले. ऑटोमॅटिक घेशील तर तुझा त्रास कमी. तोवर मवासलात या सरकारी कंपनीची लाल बस आहे. आमच्या वेळी ती नव्हती, मस्कतमध्ये 2015 च्या अखेरीस सुरू झाली. बसमध्ये बसून एकटीनं रुवीला जा, भाजी घे, परत ये. एवढंच कर पहिल्यांदा.

नोकरीचं दुःख मी हलकं करणार नाही. पगाराची सवय झालेल्या बाईला पन्नास बैसासाठी विचारावं लागणं टोचतंच. नवऱ्याशी एकदा स्पष्ट बोल: तुझ्या खात्यात दर महिन्याला ठरलेली रक्कम यायला हवी, तिचा हिशेब द्यायचा नाही. ती मेहेरबानी नव्हे, तुमच्या दोघांच्या परदेशी येण्यातला तुझा वाटा आहे. डबे देणं, शिकवण्या घेणं बऱ्याचजणी सुचवतील. ‘सगळ्याच करतात’ यावर जाऊ नकोस, परवाना लागतो, आधी चौकशी कर. सापडलं तर गोत्यात नवऱ्याची नोकरी येते. ऑनलाइन अभ्यासक्रम, जुन्या क्षेत्रातलं एखादं प्रमाणपत्र हे बिनघोर. परतल्यावर ‘ही तीन वर्षं काय केलंत’ या प्रश्नाला उत्तरही होतं.

मराठी माणसं शोधायला फार लांब जावं लागणार नाही, गणपतीला भेटतील. मंडळ आहे, इंडियन सोशल क्लबमध्ये भाषावार विभाग आहेत, जुन्या मस्कतमध्ये राजवाड्याजवळ शंकराचं देऊळ आहे, दारसेतला कृष्णाचं. नुसती दर्शनाला जाऊन येऊ नकोस, मोदक वळायला हात कमी पडत असतात तिथे बस. ओळखी पाटावर होतात, खुर्चीवर होत नाहीत. फक्त एक जपायचं: मंडळातल्या दोन बायका तिसरीबद्दल बोलायला लागल्या की चहाचे कप उचलून आत जायचं. हे गाव छोटं आहे.

आणि हे सगळं करूनही रात्र रात्र झोप लागत नसेल, मुलीवर विनाकारण ओरडणं होत असेल, रडू आवरत नसेल, तर ते मन कशात तरी लावण्यापलीकडचं आहे. नवऱ्याला सांग आणि डॉक्टरकडे जा. इन्शुरन्समध्ये काय बसतं ते आधी विचारून ठेव. मुंबई तीन तासांच्या आत आहे, पंधरा दिवस माहेरी जाऊन येण्यात हार कसली?

आई दिवाळीत येते आहे हे बेस. तिच्यासाठी आत्तापासून बेत कर, म्हणजे तुलाही दिवस मोजायला निमित्त. निझवा दीडेकशे किलोमीटर आहे, शुक्रवारी सकाळी लवकर पोचा, किल्ल्याखाली जनावरांचा बाजार भरतो. बकरी रिंगणात फिरवत बोली लावतात, आईला गावचा आठवडी बाजार आठवेल. तिला पुढच्या वर्षी जुलै-ऑगस्टलाही बोलाव. मग सलालाला जा, हजारेक किलोमीटर आहे, विमानानं बरं. बाकी आखात भाजत असताना तिथे खरीफ असतो, म्हणजे धुकं, भुरभूर पाऊस, हिरवे डोंगर, रस्त्याकडेला शहाळी. यांनी तिथे गाडी थांबवून काच खाली केली आणि अर्धा तास बोललेच नाहीत. कोकणातला माणूस, पावसाशिवाय बारा महिने काढलेला.

येताना तिनं काय आणावं आणि काय नको, तेही सांगून ठेव. मेतकूट, कुळथाचं पीठ, आमसुलं, भाजणी आणू दे. अनारशांसाठी खसखस मात्र अजिबात नको. आखातातल्या अनेक देशांत ती अमली पदार्थांत धरतात, विमानतळावर ‘अहो, फराळाची आहे’ कुणी ऐकत नाही. आमच्याकडचे अनारसे तिळावर थापतात, कुणाला फरक कळलेला नाही. खोकल्याची आणि दुखण्याची औषधं असतील तर चिठ्ठी हवीच, आणि कोडीनसारखी असतील तर आधी नियम बघायचे.

तवा आणायला सांगच. जड आणायला सांग. चेक-इनच्या बॅगेत घालायचा, हातातल्या नको. तोवर थांबवत नसेल तर रुवीच्या हाय स्ट्रीटला भारतीय भांड्यांच्या दुकानांत विचार, मिळून जाईल, पण घरचा तापलेला तवा तो घरचा. परत जाताना सोबत नेलास तर उत्तम, नाहीतर अल खुवैरला नवीन आलेल्या एखादीला देऊन जा. मला माझा असाच मिळाला होता.

भाकरीबरोबर सुरमईचं कालवण करायचं असेल तर थोडा धीर धर. 15 ऑगस्टपासून 15 ऑक्टोबरपर्यंत इथे सुरमई पकडायला बंदी असते, तिला इकडे कनअद म्हणतात. बंदी उठली की सकाळी लवकर मत्राच्या मासळी बाजारात जा. कापायला देताना डोकं वेगळं बांधून द्यायला आठवणीनं सांग, न सांगितलं तर टाकून देतात.